कलेतिहासाची असाइनमेंट: एका शिल्पपटावर लिहायचं कसं आणि नेमकं चुकतं कुठे

बीएफएच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, डिझाइनच्या मुलांना आणि एमएला कलेतिहास घेतलेल्यांना एक असाइनमेंट हमखास येते, एक कलाकृती निवडा, प्रत्यक्ष बघा आणि तिच्यावर हजार-दीड हजार शब्द लिहा. मी अशा असाइनमेंट बरीच वर्षं वाचतेय. दहातल्या आठ एकाच ठिकाणी घसरतात, ते म्हणजे आधी गूगल, मग तिथलं वाचून लिहिणं आणि शेवटी वेळ उरला तर कलाकृती बघायला जाणं. हा क्रम उलटा आहे. एकदा वाचून गेलात की तुम्हाला तिथे तेवढंच दिसतं जेवढं वाचलंय, स्वतःचे डोळे बंदच होतात. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. उदाहरणासाठी घारापुरी म्हणजे एलिफंटाचं मुख्य लेणं घेतलंय, कारण मुंबई-ठाणे-पुण्याची बरीच मुलं तिथेच जातात आणि चुकाही तिथेच करतात.

१. विषय लहान करा

"एलिफंटा लेणी" हा असाइनमेंटचा विषय नाही, तो पुस्तकाचा विषय आहे. "अजिंठ्याची चित्रकला" पण तसाच. हजार शब्दांत एक पट (भिंतीत कोरलेलं एक मोठं शिल्पदृश्य) मावतो, फार तर दोन पटांची तुलना. घारापुरीच्या मुख्य लेण्यात सदाशिव आहे (ज्याला सगळे त्रिमूर्ती म्हणतात), त्याच्या एका बाजूला अर्धनारीश्वर (अर्धा शिव, अर्धी पार्वती), दुसऱ्या बाजूला गंगाधर (गंगा डोक्यावर घेणारा शिव), शिवाय कल्याणसुंदर (शिव-पार्वतीचं लग्न), अंधकासुरवध, रावणानुग्रह (कैलास हलवणारा रावण), नटराज, योगीश्वर (ध्यानाला बसलेला शिव) असे मोठमोठे पट आहेत. यातला एक घ्या.

कुठला? फार प्रसिद्ध नको असं मी म्हणणार नाही, सदाशिव घेतलात तरी चालेल, पण मग तयारी दुप्पट लागेल कारण त्याच्यावर सगळं लिहून झालंय आणि तुमचं वाक्य कोणाचं तरी आधीच लिहिलेलं निघण्याची शक्यता जास्त. नवख्याला अर्धनारीश्वर किंवा नटराज-योगीश्वर ही जोडी सोपी जाते. का ते पुढे येईल.

तपासा: तुमचा विषय एका वाक्यात सांगता येतोय का आणि त्या वाक्यात एकाच जागेकडे बोट दाखवता येतंय का? नसेल तर अजून लहान करा.

२. जायच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी वार. घारापुरी सोमवारी बंद असते, अजिंठाही सोमवारी बंद, वेरूळ मात्र मंगळवारी बंद. हे लिहायला क्षुल्लक वाटतं पण दर वर्षी कोणीतरी सोमवारी सकाळी गेटवेला उभं असतं आणि सबमिशन बुधवारी असतं.

गेटवेवरून लाँचने साधारण एक तास लागतो, उतरल्यावर जेट्टीचा रस्ता आणि मग वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. म्हणजे नऊच्या सुमाराची पहिली लाँच पकडली तरी लेण्यात पोचेपर्यंत साडेदहा होतात. दुपारी निघालात तर तुमच्या हातात दीड तास उरतो आणि परतीच्या लाँचकडे लक्ष, अशाने बघणं होत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की लाँच बंद ठेवतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमधलं सबमिशन असेल तर शेवटच्या आठवड्यावर ढकलूच नका.

बॅगेत काय हवं:

साधी वही, ए४ च्या आसपासची, पाठीमागे जाड पुठ्ठा. २बी आणि ४बी पेन्सिल, खोडरबर, शार्पनर. रंग नेऊ नका, आत रंग-पाण्याचा पसारा करू देत नाहीत आणि खरं तर गरजही नाही. छोटी टॉर्च नको, लेण्यात जो उजेड आहे तोच तुमच्या अभ्यासाचा भाग आहे. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, तो घरी ठेवा. खाणं झाकून न्या, पायऱ्यांवर आणि लेण्यांच्या आवारात माकडं पिशव्या ओढतात, एका मुलीची वही अशीच गेली होती आणि तिची सगळी रेखाटनं त्यात होती.

सावधान: निघण्याआधी विषयावर काहीही वाचू नका. पत्ता, वेळ, तिकीट एवढंच बघा. पटाचं नाव माहीत असलं की पुरे. हे ऐकायला विचित्र वाटतं, घरचे पण म्हणतील वाचून जा म्हणून, पण माझं ऐका, वाचायची वेळ पुढे आहे.

३. पहिली वीस मिनिटं: फोन खिशात

पटासमोर उभं राहा किंवा खाली बसा. फोटो काढायचे नाहीत, लिहायचं नाही, फक्त बघायचं. घड्याळ लावून वीस मिनिटं. पाच मिनिटांनी कंटाळा येतो, "बघून झालं" असं वाटतं, तिथून खरं बघणं सुरू होतं. दहाव्या मिनिटाला अंधारात गेलेला एक हात दिसतो, पंधराव्याला कोपऱ्यातली उडणारी गंधर्वांची जोडी.

मग जागा बदला. हे बहुतेक जण करतच नाहीत. पटाच्या अगदी जवळ जा, मग मागे जाऊन खांबांच्या मधून बघा, मग उत्तरेच्या दारात उभं राहून बघा. मुख्य लेणं उत्तर-दक्षिण साधारण ३९ मीटर खोल आहे, आणि सदाशिव मागच्या म्हणजे दक्षिणेच्या भिंतीत खोल कोनाड्यात आहे. दारातून त्याचं किती दिसतं, कुठला खांब कुठलं मुख झाकतो, पुढे चालत गेलं की काय उघडत जातं, हे कुठल्याही फोटोत येत नाही, आणि तुमच्या असाइनमेंटमधला सर्वात चांगला परिच्छेद बहुतेक वेळा यातूनच निघतो.

उजेड पण बघा. लेणं तीन बाजूंनी उघडं आहे, उत्तर, पूर्व आणि पश्चिम. त्यामुळे सकाळी आणि दुपारी एकाच चेहऱ्यावर सावली वेगळीकडे पडते. शक्य असेल तर निघायच्या आधी परत एकदा त्याच पटासमोर या आणि काय बदललं ते दोन ओळीत टिपा.

४. रेखाटन, फोटोच्या आधी

आता पेन्सिल काढा. सुंदर चित्र काढायचं नाहीये, हे कोणालाही दाखवायचं नाही. तीन छोटी रेखाटनं करा, प्रत्येकी दहा मिनिटांची.

पहिल्यात फक्त मोठे आकार, चौकट किती उंच किती रुंद, मुख्य आकृतीने त्यातली किती जागा घेतलीय, बाकीच्या आकृत्या कुठे दाटल्यात, कुठे दगड रिकामा सोडलाय. दुसऱ्यात दिशा, म्हणजे मान कुठे वळलीय, कंबर कुठे झुकलीय, हात कुठे जातायत, नजर कुठे, हे नुसत्या रेघांनी. तिसऱ्यात उठाव, सर्वात पुढे आलेला भाग कुठला आणि सर्वात मागे गेलेला कुठला, हवं तर १ ते ५ आकडे टाका.

अर्धनारीश्वरासमोर हे दुसरं रेखाटन केलंत की एका झटक्यात कळतं की सगळं शरीर एका बाजूला कललंय, कोपर नंदीवर टेकलंय आणि दुसऱ्या बाजूचं नितंब बाहेर आलंय. चार हात आहेत, पुरुषाच्या बाजूला वरच्या हातात नाग, स्त्रीच्या बाजूला वरच्या हातात आरसा. हे वाचून माहीत असणं आणि हाताने काढून समजणं यात फार फरक आहे. म्हणूनच मी अर्धनारीश्वर नवख्याला सुचवते, एकाच देहात दोन तऱ्हेची शरीरं असल्यामुळे तुलना आयती समोर असते.

सावधान, आणि ही सर्वात जास्त होणारी चूक: डावं-उजवं. अर्धनारीश्वरात स्त्रीचा भाग मूर्तीच्या डाव्या बाजूला असतो, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. वहीत एक लिहिलं जातं, लिहिताना दुसरं, आणि वाचणाऱ्याला काही समजत नाही. मूर्तीशास्त्रात सहसा मूर्तीचं डावं-उजवं धरतात. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, "डावं-उजवं मूर्तीचं", आणि जिथे बघणाऱ्याचं म्हणायचंय तिथे तसं स्पष्ट लिहा.

५. नोंदी: विशेषणं बंद

अजून लेण्यातच आहात. आता लिहा, पण एक नियम, सुंदर, भव्य, अप्रतिम, मनमोहक, जिवंत वाटणारं, हे शब्द वापरायचे नाहीत. फक्त जे दिसतंय ते.

असं नको: "त्रिमूर्तीचं शिल्प अत्यंत भव्य असून चेहऱ्यावर विलक्षण शांती आहे."

असं हवं: "मधल्या मुखाचे डोळे मिटल्यासारखे आहेत. खालचा ओठ जाड आणि पुढे आलेला. डोक्यावर उंच जटामुकुट, त्यावर बारीक कोरीव दागिने, पण गाल आणि कपाळ एकदम गुळगुळीत. मूर्ती छातीपर्यंतच आहे. बघणाऱ्याच्या डाव्या बाजूचं मुख बाजूने दिसतं, भुवया आक्रसलेल्या, मिशी आहे, हातात नाग. उजव्या बाजूच्या मुखाच्या हातात कमळ, केसांच्या बटा आणि मोत्यांच्या माळा."

दुसरं वाचून शांती हा शब्द न वापरता शांतता समजते की नाही? गुळगुळीत गाल आणि वर दाट कोरीवकाम, हा फरक तुम्हाला दिसला म्हणजे तुम्ही बघितलंय. पहिलं वाक्य मात्र लोकलमध्ये बसून, न जाताही लिहिता येतं, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं.

मोडलेलं काय आहे ते पण लिहा. घारापुरीत पायांकडचे भाग, हात, शस्त्रं बऱ्याच पटांमध्ये तुटलेली आहेत. तुटलेला भाग मनाने पूर्ण करून लिहू नका. "उजवा हात तुटला आहे, त्यात काय होतं ते आता दिसत नाही" हे पूर्ण वाक्य आहे आणि प्रामाणिक वाक्य आहे.

फोटो आता काढा. पूर्ण पट एक, बारकाव्यांचे चार-पाच, आणि दोन फोटो असे ज्यात माणूस उभा आहे, म्हणजे आकार कळतो. सदाशिव साधारण साडेपाच मीटर उंच आहे हे आकड्यात वाचून जाणवत नाही, बाजूला मित्र उभा असला की जाणवतं. फ्लॅश बंद.

तपासा: लेण्यातून बाहेर पडण्याआधी वहीत तीन रेखाटनं, किमान दोन पानं नोंदी आणि न सुटलेले पाच प्रश्न आहेत का? प्रश्न महत्त्वाचे. "या बुटक्या आकृत्या द्वारपालांशेजारी का?" असे. पुढचं वाचन याच प्रश्नांनी होणार आहे.

६. आता वाचा, पण तुमचे प्रश्न घेऊन

घरी आल्यावर त्याच रात्री नोंदी नीट उतरवून काढा. दोन दिवस गेले की स्वतःचंच अक्षर परकं वाटायला लागतं.

वाचनात पहिला थर विश्वकोशातल्या नोंदीचा, म्हणजे नावं आणि शब्द पक्के होतात. दुसरा थर अभ्यासकांची पुस्तकं आणि लेख, त्यासाठी कॉलेजची लायब्ररी, मुंबईत एशियाटिक सोसायटी, पुण्यात डेक्कन कॉलेज. प्रवासवर्णनं, टूर कंपन्यांची पानं, रील, यूट्यूबवरचे गाइड हे संदर्भ नाहीत, कितीही छान बोलत असले तरी.

घारापुरीपुरते काही सापळे सांगते कारण हे मला जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात दिसतात.

"त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश." नाही. तिन्ही मुखं शिवाचीच धरली जातात, मधलं तत्पुरुष, उग्र ते अघोर, कमळ असलेलं ते वामदेव. म्हणून सदाशिव. त्रिमूर्ती हे रुळलेलं नाव आहे, वापरायचं असेल तर एकदा तसं सांगून वापरा.

काळ. नेटवर पाचवं, सातवं, आठवं असं काहीही शतक सापडतं. आज बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाचा मध्य धरतात आणि कलचुरी राजघराण्याशी संबंध जोडतात, त्याला बेटावर मिळालेल्या कृष्णराज या कलचुरी राजाच्या नाण्यांचा आधार देतात. पण लेण्यात ते कोणी कोरलं हे सांगणारा शिलालेख आज नाही. म्हणून "कलचुरी राजाने हे लेणं बांधलं" असं ठोकून देऊ नका, "कलचुरींच्या काळातलं मानलं जातं" असं लिहा. आणि हो, लेणं बांधत नाहीत, कोरतात. कातळ आधीच तिथे होता, त्यातून काढून टाकलंय. हा शब्द चुकला की सगळी समजच चुकते.

अजिंठ्यावर लिहिणाऱ्यांसाठी पण एक. "फ्रेस्को" हा शब्द सगळे बिनधास्त वापरतात. खरा फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर रंगवतात आणि रंग गिलाव्यातच मुरतो. अजिंठ्यात गिलावा वाळल्यावर रंग चिकटद्रव्यात मिसळून लावलेत. "भित्तिचित्र" म्हणा, काम भागतं. आणि राजा रविवर्मा घेतलात तर समोर तैलचित्र आहे की ओलिओग्राफ ते आधी बघा, ओलिओग्राफ छापील असतो, त्यात ब्रशचा फटकारा शोधत बसू नका.

सावधान: वाचताना जे टिपाल त्याशेजारी लगेच पान नंबर टाका. "नंतर शोधू" म्हणालात की शेवटच्या रात्री दोन तास त्यातच जातात, आणि न सापडल्यावर मुलं संदर्भाशिवाय वाक्य घुसवतात. ते वाङ्मयचौर्य ठरतं, मनात नसलं तरी.

७. मुद्दा ठरवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. वर्णन आणि माहिती मिळून असाइनमेंट होत नाही, तुमचं एक म्हणणं लागतं, ज्याला कोणी "मला नाही पटत" असं म्हणू शकेल.

"घारापुरीचं लेणं शैव आहे", ही माहिती झाली. "नटराजाच्या पटात गती आहे", हे वर्णन झालं. आता हे बघा. उत्तरेच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला योगीश्वर, स्थिर बसलेला, आणि उजव्या हाताला नटराज, नाचणारा, दोघं समोरासमोर. आणि सरळ पुढे, दूर, सदाशिवाचं मिटल्या डोळ्यांचं मुख. यातून असं म्हणता येईल, "दाराशी स्थिरता आणि गती वेगवेगळ्या पटांत मांडल्या आहेत, आणि मागच्या भिंतीवर त्या एकाच मूर्तीत, शांत मधलं मुख आणि आक्रसलेल्या भुवयांचं बाजूचं मुख अशा एकत्र येतात." हा मुद्दा झाला. पटेल, न पटेल, पण त्याला पुरावे देता येतात, आणि ते पुरावे तुमच्या वहीत आहेत.

आता त्यालाच उलटं तपासा. वरच्या मुद्द्यात आपण गृहीत धरलं की माणूस उत्तरेकडून येतो. आज पर्यटक तिकडूनच येतात. पण लिंगाचा गाभारा लेण्याच्या पश्चिम भागात आहे, त्याला चारही बाजूंनी दारं आणि प्रत्येक दाराशी द्वारपाल, आणि त्याचा सरळ अक्ष पूर्वेच्या दाराकडे जातो. मग पूर्वेकडून येणाऱ्याला आधी काय दिसत असेल? म्हणजे "शिल्पकाराने हे असं दिसावं म्हणूनच केलं" हे वाक्य लिहायच्या आधी दहादा विचार करा. या अडचणीवर एक परिच्छेद लिहिलात तर तुमचा मुद्दा कच्चा होत नाही, उलट तुम्ही लेणं चालून बघितलंय हे कळतं.

तपासा: मुद्दा मित्राला तोंडी सांगा. त्याने "मग?" विचारलं तर अजून माहितीच आहे. "पण कशावरून?" विचारलं तर जमलं.

८. लिहा, या क्रमाने

पहिला परिच्छेद पाच-सहा ओळींचा, कुठली कलाकृती, कुठे, साधारण कधीची, कशात घडवलीय (इथे बेसॉल्ट खडक), आणि तुमचा मुद्दा. "भारत हा प्राचीन संस्कृतीचा देश आहे" इथून सुरुवात करू नका, जागतिक वारसा यादीत १९८७ साली नाव आलं ही ओळही इथे नको, ती तुमच्या मुद्द्याला काही मदत करत नाही.

मग वर्णन, पण सगळं नाही. वहीतलं जे मुद्द्याला लागतं तेवढंच. हे जड जातं कारण मेहनतीने टिपलेलं टाकवत नाही, तरी टाका. वर्णनाला दिशा ठेवा, वरून खाली किंवा मध्यातून बाहेर, उड्या नकोत.

मग पुरावे, एका परिच्छेदात एकच, आणि प्रत्येकात आधी दिसणारी गोष्ट मग तिचा अर्थ. मग अडचणीचा परिच्छेद. मग दोन ओळीत काय हाती लागलं. मूर्तीशास्त्राची नावं जिथे पहिल्यांदा येतात तिथेच चार शब्दांत समजावून पुढे जा, वेगळी पुराणकथा सांगत बसू नका. गंगाधराच्या पटात शिवाच्या डोक्यावर तीन शिरांची स्त्री आकृती आहे ती गंगा, एवढं पुरतं, भगीरथाची अख्खी तपश्चर्या नको, ती वाचणाऱ्याला माहीत आहे.

मराठीत लिहित असाल तर बोजड शब्दांच्या मागे लागू नका. "उठाव", "पोत", "रिकामी जागा", "तोल", "कललेला" हे शब्द पुरेसे काटेकोर आहेत.

९. चित्रं आणि मजकूर जोडा

प्रत्येक फोटोला नंबर द्या आणि मजकुरात त्या जागी तो नंबर लिहा. नुसते शेवटी आठ फोटो चिकटवून काही होत नाही. फोटोखाली पटाचं नाव, लेणं क्रमांक १ (म्हणजे मुख्य लेणं), घारापुरी, साधारण काळ, खडक आणि फोटो कोणी कधी काढला. स्वतःचं एक रेखाटन नक्की लावा, दिशांच्या रेघांचं, वेडंवाकडं असलं तरी. ते फोटोपेक्षा जास्त सांगतं.

१०. देण्याआधी

एक रात्र मध्ये जाऊ द्या. सकाळी मोठ्याने वाचा. जिथे विशेषण आलंय तिथे थांबा आणि विचारा की हे मला कशावरून वाटलं, उत्तर वाक्यात नसेल तर ते घाला नाहीतर विशेषण काढा. डावं-उजवं एकदा फोटो समोर ठेवून परत तपासा, आणि यात फोटो आरशासारखा उलटा तर झाला नाही ना तेही बघा, सेल्फी कॅमेऱ्याने काढला असेल तर होतो. अर्धनारीश्वराचा आरसा भलत्याच हातात गेला की समजायचं. संदर्भांची पानं जुळवा, मग फाइल पीडीएफ करा आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा, देवनागरी फॉन्ट बिघडून जोडाक्षरं तुटली असतील तर तिथेच दिसतं.